आधी घर, मग पाल: हिरवी डे गेको पाळू पाहणाऱ्यांसाठी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही जर्मनीत फ्लॅटमध्ये राहता. दहा वर्षांच्या मुलीला दिवसा जागी असणारी छोटी, रंगीत पाल हवी आहे. दुकानात एक निळीशार लायगोडॅक्टिलस विल्यम्सी आणि एक हिरवी फेल्सुमा, म्हणजे दिवसा वावरणारी डे गेको, पाहून आलात. यांतली कुठली घ्यावी, तिला काय काय लागतं, दोन घेतल्या तर चालतील का, आणि दर हिवाळ्यात महिनाभर पुण्याला गेल्यावर तिचं काय करायचं? शिवाय नाशिकला राहणाऱ्या बहिणीलाही अशीच पाल हवी आहे.

निवडीचं उत्तर आधी देते. निळी सोडा. हिरवी घ्या, पण ती फेल्सुमा लाटिकाउडा आहे, पाळलेल्या जोडीपासून झालेली आहे आणि निदान पाच-सहा महिन्यांची आहे, याची खात्री करून घ्या. तिला आणण्याआधी तीन-चार आठवडे तिचं टेरेरियम, म्हणजे तिची राहायची काचेची पेटी, दिवे, झाडं, फवारणीसकट चालू असू द्या. मी बरीच वर्षं फेल्सुमा पाळते, त्यांची पिल्लं वाढवते. लोक आजारी पाल घेऊन येतात तेव्हा दुखण्याचं मूळ बहुतेक वेळा दिव्यात सापडतं, नाहीतर कोंदट किंवा फार कोरड्या हवेत. म्हणजे पाल घरात येण्याआधीच ते ठरून गेलेलं असतं. म्हणून माझं बरंचसं उत्तर पालीपेक्षा तिच्या घराबद्दल आहे.

निळीला नाही का म्हणते, ते सांगायलाच हवं. विल्यम्सी रानात फक्त टांझानियात आहे, तीही किंबोझाच्या लहानशा जंगलात आणि आसपासच्या मोजक्या तुकड्यांत. ती राहते केवड्याच्या कुळातल्या एका झाडावर, पँडॅनस रबाइएन्सिसवर. नर झगझगीत निळा, मादी हिरवट-तपकिरी. त्या निळ्या रंगापायी हजारो पाली पकडून युरोप-अमेरिकेच्या बाजारात आल्या, आणि पकडणाऱ्यांनी पाली हाती लागाव्यात म्हणून उभी झाडं तोडली. पाल गेली ती गेलीच, पुढच्या पिढीचं घरही गेलं. २०१६ साली जोहान्सबर्गला सायटीसची, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं घालणाऱ्या कराराची, परिषद झाली. तिथे तिला परिशिष्ट १ या सर्वांत कडक यादीत घातलं, आणि २०१७ पासून युरोपीय संघातही ती सर्वांत कडक यादीत आहे. तिच्या विक्रीला अधिकृत प्रमाणपत्र लागतं. कागद नसेल तर विषय तिथेच संपवा. कागदपत्रांसह विल्यम्सी पाळणारे, तिची वीण टिकवून ठेवणारे जबाबदार लोक आहेत आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण ही पाल सात-आठ सेंटिमीटरची, अंगात साठा कमी, चूक झाली तर सावरायला वेळ मिळत नाही. पहिली पाल म्हणून ती नको.

लाटिकाउडा मूळची उत्तर मादागास्कर आणि आजूबाजूच्या बेटांची. नोसी बे बेटावर ती घरांच्या भिंतींवर, केळीवर, माडावर सर्रास दिसते. माणसाने नेऊन सोडल्यामुळे ती हवाईतही पसरली आहे आणि तिथल्या बागांमध्ये मजेत राहते. यावरून तिचा चिवटपणा कळतो. लांबी दहा ते तेरा सेंटिमीटर. पोपटी-हिरवं अंग, मानेवर आणि खांद्यांवर सोनेरी भुकटी उधळल्यासारखे ठिपके, कमरेजवळ तीन लाल पट्टे, डोळ्यांभोवती निळी कड. नीट ठेवली तर सहा-आठ वर्षं सहज जगते, कधी त्याहून जास्त. फेल्सुमा क्लेमेरीही सुंदर आणि स्वभावाने शांत आहे, पण ती बारीक, तिची पिल्लं त्याहून बारीक. दोन-तीन वर्षांचा अनुभव आल्यावर तिचा विचार करा. फेल्सुमा ग्रँडिस सर्वांत दणकट. मात्र ती पाऊण फुटाच्या पुढे जाते आणि तिला कपाटाएवढं टेरेरियम लागतं.

फेल्सुमाची सगळी प्रजात सायटीसच्या परिशिष्ट २ मध्ये आहे. त्यामुळे विकणाऱ्याकडून जन्माचा आणि वैध उगमाचा लेखी पुरावा घ्या. जर्मनीत काही जाती निसर्गसंरक्षण कार्यालयाकडे नोंदवाव्या लागतात, सर्रास पैदास होणाऱ्या काहींना सूट आहे. तुमच्या जिल्ह्याच्या कार्यालयाला एक ई-मेल टाकलात की नेमकं उत्तर मिळेल. हाम शहरात सरपटणाऱ्या प्राण्यांचा मोठा बाजार भरतो. तिथे जरूर जा, पण पहिल्या खेपेला पाल न घेता परत या. पैदास करणाऱ्यांशी बोला, आईबापांचे फोटो मागा, पाल काय खाते ते विचारा. जो माणूस या प्रश्नांना कंटाळतो त्याच्याकडून घेऊ नका.

आता उजेड. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

आपल्या भिंतीवरची पाल रात्री हिंडते. तिला ऊब पुरते, ऊन लागत नाही. फेल्सुमा सकाळी उन्हात येऊन अंग शेकते, तापली की सावलीत जाते, पुन्हा येते. निसर्गात तिच्यासाठी ऊब, लख्ख प्रकाश आणि अतिनील किरण एकाच दिशेने, वरून, एकत्र येतात. या तिन्ही गोष्टी तुम्ही वेगवेगळ्या कोपऱ्यांत ठेवल्यात तर पाल फक्त उबेकडे जाते आणि अतिनील किरणांना मुकते. ते किरण नसले की कातडीत ड जीवनसत्त्व तयार होत नाही, ते नसलं की खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही, आणि मग हाडं मऊ पडतात. म्हणून हे अतिनील किरण देणारी टी-५ प्रकारची यूव्हीबी ट्यूब, साध्या पांढऱ्या उजेडाचा एलईडी पट्टा आणि तापवणारा छोटा हॅलोजन दिवा हे तिन्ही वरच्या जाळीवर, एकाच बाजूला, शेजारी शेजारी. त्यांच्या खाली पंधरा-वीस सेंटिमीटरवर आडवी बांबूची कांडी. तिथे पृष्ठभागाचं तापमान ३२ ते ३५ अंश असावं, बाकी टेरेरियममध्ये २५ ते २८, तळाशी थोडं कमी. रात्री सगळे दिवे बंद. तापमान २० पर्यंत उतरलं तर उलट चांगलंच.

यूव्हीबीबद्दल तीन गोष्टी. काचेतून हे किरण आत येत नाहीत, त्यामुळे खिडकीतल्या उन्हाचा या कामी उपयोग नाही, शिवाय उन्हातलं काचेचं टेरेरियम अर्ध्या तासात भट्टी होतं. बारीक जाळीही किरणांचा मोठा वाटा अडवते, ट्यूब निवडताना तेवढं धरून चला. आणि ट्यूब पेटते आहे म्हणजे काम करते आहे असं नव्हे, किरण आधी मरतात, उजेड नंतर. वर्षाने बदला. किरणांचा निर्देशांक मोजणारं यंत्र महाग असतं, पण पाळणाऱ्यांच्या गटात कोणाकडे तरी ते असतं, एकदा मागून आणा. शेकायच्या कांडीवर निर्देशांक ३ च्या आसपास आणि खाली पानांच्या सावलीत जवळजवळ शून्य यायला हवा. कमी-जास्त काय घ्यायचं ते पाल स्वतः ठरवते. तिला निवड करता यावी एवढंच आपलं काम. दिवा जाळीच्या आत कधीच लावू नका. या पाली काचेवरून, छतावरून, दिव्यावरूनही चालतात आणि पोट भाजून घेतात.

दिवे टायमरवर ठेवा, उन्हाळ्यात तेरा-चौदा तास, हिवाळ्यात अकरा. जर्मनीच्या उन्हाळ्यात वरच्या मजल्यावरचे फ्लॅट ३३-३४ अंशांवर जातात. त्या दिवसांत हॅलोजन बंद ठेवा, यूव्हीबी आणि एलईडी चालू.

टेरेरियम उंच घ्या. एका पालीला ४५ सेंटिमीटर लांब, ४५ रुंद आणि ६० उंच हे माप मला पटतं. दुकानदार यापेक्षा लहान दाखवील, पण लहान जागेत वर ऊन आणि खाली गारवा असा फरकच राहत नाही. पुढे खालच्या बाजूला हवेची पट्टी आणि वर पूर्ण जाळी हवी. खालून गार हवा आत, वरून गरम हवा बाहेर. हा प्रवाह असला की फवारलेलं पाणी तीन-चार तासांत सुकतं. सुकायलाच हवं. सतत ओल्या, अडकलेल्या हवेत कातडीवर बुरशी येते, फुप्फुसं बिघडतात. उष्ण कटिबंधातली पाल म्हणजे कायम दमट असं समजून लोक वरची जाळी झाकून टाकतात. तसं करू नका. सकाळी दिवे लागल्यावर एकदा आणि संध्याकाळी बंद व्हायच्या तासभर आधी एकदा भरपूर फवारा. आर्द्रता ऐंशीच्या वर जाऊ द्या आणि मधल्या वेळात पन्नास-साठवर येऊ द्या. पाली वाटीतलं पाणी क्वचित पितात, पानांवरचे आणि काचेवरचे थेंब चाटतात. नळाचं पाणी जड असेल तर काचेवर पांढरे डाग पडतात, म्हणून गाळलेलं मऊ पाणी वापरा. हिवाळ्यात खोलीतला हीटर हवा फार कोरडी करतो. तेव्हा दुपारी एक हलका फवारा वाढवा आणि झाडं जास्त ठेवा.

झाडांमध्ये स्नेक प्लांट हवाच. त्याची उभी, गुळगुळीत, कडक पानं यांना फार आवडतात. सोबत मनी प्लांट, एखादं ब्रोमेलियाड (अननसाच्या कुळातलं झाड). तीन-चार सेंटिमीटर जाडीचे पोकळ बांबू उभे आणि तिरपे लावा. पाल रात्री त्यात शिरून झोपते. बांबू काचेला वा झाडाला घट्ट बांधा, घसरला तर पाल खाली चेपते. तळाशी निचऱ्यासाठी भाजलेल्या मातीच्या गोळ्या, वर जाळी, वर कोकोपीट आणि पालापाचोळा. त्यात स्प्रिंगटेल आणि बारीक आयसोपॉड हे कुजकं खाणारे मातीतले चिमुकले जीव सोडले की विष्ठा, बुरशी बरीचशी तेच निपटतात. हे सगळं रुजायला, तापमान स्थिर व्हायला जो वेळ लागतो तेच ते तीन-चार आठवडे. त्या काळात मुलीला रोज सकाळ-संध्याकाळ तापमान आणि आर्द्रता वहीत लिहायला सांगा. पाल येण्याआधीच तिला आपलं काम कळलेलं असेल.

खाण्याचं गणित सोपं आहे, शिस्त मात्र लागते. रानात ही पाल किडे खाते, फुलांतला मध चाटते, पिकलेली फळं चाटते. घरी आठवड्यातून तीनदा किडे द्या, म्हणजे न उडणारी चिलटं, लहान रातकिडे, छोटी झुरळं. किड्याची लांबी पालीच्या डोळ्यांमधल्या अंतराहून जास्त नसावी. आठवड्यातून दोनदा गेकोंसाठी मिळणारी तयार फळपूड पाण्यात कालवून बाटलीच्या झाकणात ठेवा. नुसती केळी किंवा नुसता मध नको, त्याने पोट भरतं, पोषण होत नाही. किड्यांनाही आदल्या दिवशी गाजर, हिरव्या पालेभाज्या खाऊ घाला. उपाशी रातकिडा म्हणजे रिकामं टरफल. उरलेले रातकिडे रात्री टेरेरियममध्ये राहू देऊ नका, ते झोपलेल्या पालीला चावतात. चिलटांची बरणी मुलीच्या ताब्यात द्यायला हरकत नाही, फक्त झाकणाची जाळी तुम्ही तपासा.

प्रत्येक वेळी किडे कॅल्शियमच्या पुडीत घोळवून द्यायचे, आठवड्यातून एकदा जीवनसत्त्वांच्या मिश्रणात. इथे फेल्सुमाची एक खास गोष्ट सांगते, कारण नवे लोक ती पाहून घाबरतात. मानेच्या दोन्ही बाजूंना, जबड्यामागे, पांढरट फुगवटे दिसतात. ती गाठ नव्हे, सूजही नव्हे. त्या कॅल्शियमच्या पिशव्या आहेत. विशेषतः मादी त्यात साठा करते आणि अंड्यांच्या कवचासाठी तो वापरते. मादीच्या पिशव्या माफक भरलेल्या असणं हे तब्येतीचं लक्षण. अंडी घालून घालून त्या सपाट झाल्या तर तिला विश्रांती आणि कॅल्शियम हवं. फारच टम्म झाल्या तर पूड कमी करा.

आता मुलीला समोर बसवून सांगायची गोष्ट. या पालीला हातात घ्यायचं नाही. कधीच नाही. शेपटी तर तुटतेच, ती पुन्हा येते. पण फेल्सुमाची कातडी इतकी नाजूक असते की पकडल्यावर ती सोलून निघते, आणि शत्रूच्या तोंडातून सुटण्याची ही तिची रीतच आहे. आपल्या बोटांतही तेच होतं. हलवायची वेळ आली तर पारदर्शक डबा तिच्यासमोर धरा, मागून हळूच पुढे सरकवा, ती स्वतः आत जाईल. मग मुलीला काय मिळतं? पुष्कळ. काही आठवड्यांत ही पाल माणूस ओळखल्यासारखी पुढे येते, लांब चमच्यावरची कालवलेली फळपूड चाटते, डोळ्याला पापणी नसल्यामुळे जिभेने डोळा पुसते, घाबरली की गडद होते आणि निवांत झाली की पुन्हा पोपटी. पाहण्यासारखं रोज काहीतरी असतं. ज्या मुलाला कुरवाळायला प्राणी हवा आहे त्याच्यासाठी ही पाल नाही, हे आधीच स्पष्ट बोलून घ्या. टेरेरियममध्ये हात घातल्यावर साबणाने हात धुणं मात्र सक्तीचं. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विष्ठेत साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो.

दोन ठेवू नका. दोन नर एकमेकांना मारतात, दोन माद्यांतही एक दुसरीला उपाशी ठेवते. नर-मादीची जोडी जमते, पण लाटिकाउडाचा नर तापट असतो आणि लहान जागेत मादीला लपायला वाव नसतो. शिवाय जोडी म्हणजे अंडी. मादी एका वेळी दोन अंडी घालते, कवच कडक होईपर्यंत मागच्या पायांत धरून ठेवते आणि पानाच्या बेचक्यात किंवा बांबूत ठेवून देते. २८ अंशांना साधारण दीड महिन्यात पिल्लं निघतात. प्रत्येक पिल्लाला वेगळं घर, वेगळे दिवे, रोज बारीक किडे. शिवाय त्यांना पुढे कुठे पाठवणार हे आधी ठरवावं लागतं. पहिल्या दोन वर्षांत हा पसारा नको. नर ओळखायचा तर काचेला चिकटलेली असताना खालून पाहा. मांड्यांच्या आतल्या बाजूने ठळक छिद्रांची उलट्या व्ही आकाराची रांग असते. मादीत ती पुसट असते.

घरी आणल्यावर पहिल्या पंधरवड्यात ताज्या विष्ठेचा नमुना तपासून घ्या. जंत आणि कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी) सुरुवातीलाच कळतात. सरपटणाऱ्यांचा जाणकार डॉक्टर आजारपणात शोधायला निघू नका, आत्ताच शोधा. जर्मनीतली डीजीएचटी ही सरपटणारे प्राणी अभ्यासणाऱ्या-पाळणाऱ्यांची संस्था यात मदत करते. धोक्याची लक्षणं मी लोकांना अशी सांगते: पाल दिवसभर गडद आणि खाली बसलेली, चढताना पाय थरथरतात, खालचा जबडा मऊ किंवा वाकडा, शेपटीत अचानक बाक, बोटांवर जुनी कात अडकलेली, कमरेची हाडं वर आलेली. पायांची थरथर आणि जबडा हे कॅल्शियमचं दुखणं आहे. त्यात घरगुती उपाय करत आठवडा घालवू नका, त्याच दिवशी डॉक्टर. बोटांवरची कात मात्र दमट डब्यात अर्धा तास ठेवल्यावर बहुधा आपोआप सुटते.

पुण्याच्या महिन्याबद्दल. निरोगी, वाढलेली पाल तीन-चार दिवस किड्यांशिवाय राहते, पाण्याशिवाय नाही. म्हणून टायमरवर चालणारी फवारणी बसवा आणि जायच्या निदान महिनाभर आधीपासून ती वापरात ठेवा, म्हणजे नळी कुठे गळते ते तुमच्यासमोर कळेल. तरीही महिनाभर पाल यंत्रांवर सोडता येत नाही. एक दिवसाआड कोणीतरी यायलाच हवं. त्याला रातकिडे हाताळायला सांगू नका, तो टाळाटाळ करील. त्या महिन्यात कालवलेली फळपूड आणि चिलटांची बरणी पुरे. पुडीचे भाग मोजून पुड्या बांधून ठेवा, वर तारखा घाला. टाकी भरणं, दिवे लागतात का ते पाहणं आणि पाल दिसली की फोटो पाठवणं एवढंच त्याचं काम. डॉक्टरचा नंबर आणि पैशांची सोय आधीच करून जा. असा माणूस मिळणार नसेल तर पाल घेणं पुढे ढकला. आणि कधी कायमचं भारतात परतायचं ठरलं तर ती बरोबर नेता येईल असं गृहीत धरू नका, त्यासाठी सरकारी परवाने लागतात. तिच्यासाठी जर्मनीतच चांगलं घर शोधावं लागेल.

बहिणीला मात्र माझा सल्ला स्पष्ट आहे, नको. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे आणि सायटीसच्या यादीतले परदेशी प्राणी त्यातल्या अनुसूची ४ मध्ये येतात. असा प्राणी बाळगणाऱ्याला परिवेश या सरकारी पोर्टलवर नोंदणी करावी लागते, आणि ती करायची तर प्राणी वैध मार्गाने आल्याचे कागद हवेत. इन्स्टाग्रामवर विकायला असलेल्या बहुतेक पालींच्या मागे ते असतील असं मला वाटत नाही. त्याहून मोठी अडचण म्हणजे आजारी फेल्सुमा पाहिलेला डॉक्टर नाशिकला शोधायचा कुठे. तिला खरोखर या पालींची ओढ असेल तर सह्याद्रीत दिवसा वावरणाऱ्या आपल्याच पाली आहेत, निमास्पिस प्रजातीच्या. निमास्पिस गिरी कास पठारावरून २०१४ साली शास्त्राला कळली, पिवळ्या पोटाची निमास्पिस फ्लॅविव्हेंट्रॅलिस २०१६ साली आंबोलीतून. बोटाएवढ्या, गोल बुबुळाच्या, खडकांवर आणि झाडांच्या बुंध्यांवर दिवसाढवळ्या हिंडणाऱ्या. आंबोलीला गेली तर तिथल्या जाणकार स्थानिक वाटाड्याला सोबत घेऊन खडकांच्या कपारी पाहायला सांगा. दगड उलटायचे नाहीत, पाल पकडायची नाही, आणि फोटो टाकताना नेमकी जागा लिहायची नाही.